काळ्या बॉनेटवरची राख

मोटारीच्या रंगावर ओरखडे दिसले की लोक आधी रंगवणाऱ्याला शिव्या घालतात. रंगवणारा म्हणजे मी. सत्तर सालानंतर सात-आठ वर्षं मी जुन्या जालन्यात एका उस्तादाच्या गॅरेजात मोटारी रंगवत व्हतो. आता म्हातारा झालो, पण त्या शेठची आठवण निघाली की अजून डोकं सटकतं.

शेठची मोंढ्यात धान्याची आडत. त्याची काळी मोटार मी दसऱ्याच्या आठ दिवस आधी रंगवून दिल्ती. काळा रंग लई चहाडखोर, कणभर चूक पोटात ठेवत न्हाई. म्हणून त्या मोटारीवर मी जीव ओतला व्हता. देताना ड्रायव्हरला बजावलं व्हतं की रंग अजून कच्चा हाय, महिनाभर कोरडं फडकं लावू नको. तो हो म्हणून गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटार परत दारात. शेठ खाली उतरला आणि थेट उस्तादावर चढला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा, पण माझ्याकडं बघायलासुद्धा त्याला कमीपणा वाटत व्हता. सगळं बॉनेट ओरखड्यांनी भरलं म्हणे, असला हलकट रंग त्यानं जन्मात बघितला न्हाई म्हणे. शेवटी म्हणाला, या माणसाला आजच्या आज काढ, न्हाई तर माझे तिन्ही ट्रक उद्यापासून दुसरीकडं.

त्या तीन ट्रकांवर गॅरेज चालत व्हतं, आणि मला ते बराबर ठाऊक व्हतं. काम गेलं असतं तर मला धावड्याला, माझ्या गावी, परत जावं लागलं असतं, ज्या पाटलाच्या वावरात माझा बाप वाकून वाकून मेला त्याच वावरात. पोरीला नुकतंच जालन्याच्या शाळेत घातलं व्हतं. मला भीतीपेक्षा शेठचा रागच जास्त आला.

मी उस्तादाला म्हणलं, काढायचं तर काढा, पण आधी मोटार उन्हात घ्या.

ओरखडा सावलीत कळत न्हाई. ऊन तिरपं पडलं पाहिजे, मंग तो बोलतो. मी नख फिरवलं. नख अडकलं तर ओरखडा खोल, मंग परत रंग मारण्याशिवाय इलाज न्हाई. इथं नख कुठंच अडकलं न्हाई. पाणी टाकलं तर ओरखडे गायब, वाळलं की परत हजर. म्हणजे दुखणं वरच्या कातडीचंच. पण सगळे ओरखडे गोल गोल व्हते, एकात एक. मी लांबीत सरळ हात मारतो, गोल कधीच न्हाई, उस्तादानं पहिल्याच दिवशी तसं शिकवलं व्हतं. मंग बॉनेटच्या कडेच्या फटीत काडी घातली. काडीच्या टोकाला करडी भुकटी आली. बोटांत चोळून बघितली. चुलीतली राख व्हती.

मी ती काडी उस्तादापुढं धरली. उस्तादानं ड्रायव्हरकडं बघितलं, ड्रायव्हरनं जमिनीकडं. शेठला मात्र बिलकुल लाज वाटली न्हाई. त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला.

"त्यात काय झालं? पूजेला लावायची व्हती. रंग तू मारला हे मागून कळलं. तुमचा हात लागलेलं भांडं आम्ही राखेनं घासूनच घरात घेतो."

बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा वाटलं व्हतं, हे संपलं. कशाचं संपतंय! या माणसानं माझ्या हाताची मेहनत काथ्यानं घासून काढली व्हती, आणि वर मलाच पोटावर मारायला आल्ता. शेजारचा रंगाचा डबा उचलून त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. खरंच वाटलं.

उस्ताद एवढंच म्हणाला, रंगात खोट न्हाई, माणूस कुठं जाणार न्हाई, ट्रक न्यायचे तर खुशाल न्या. शेठनं बॉनेटकडं बघितलं आणि विचारलं, हे निघंल का? उस्तादानं माझ्याकडं बोट केलं. सांगितलं, निघंल, पण हाच काढंल, दुसऱ्या कुणाला जमणार न्हाई.

मी आधी भरपूर पाण्यानं राख धुतली. राखेचा कण राहिला तर पॉलिश करताना तोच परत ओरखडतो. मंग मऊ कापडावर बोटभर कंपाउंड, म्हणजे रंग गुळगुळीत करायचा मलम, घेऊन वीतभर जागा धरून सरळ हात मारत गेलो. जास्त दाबलं तर खालचं लाल अस्तर उघडं पडतं, कडेला तर रंग कांद्याच्या सालीएवढाच असतो. शेठ खुर्ची टाकून बघत बसला. दुपार कलली तसं बॉनेट काळ्या पाण्यासारखं चमकायला लागलं. शेवटी मेण लावलं. मेणाचा धुरकटपणा कापडानं पुरता जात न्हाई, त्याला उघडा तळहात लागतो. मी बाह्या सारल्या आणि शेठच्या डोळ्यांदेखत सगळ्या बॉनेटवर तळहात फिरवला, एक बोटभर जागा सोडली न्हाई.

शेठ उठला, वाकला. त्याचं तोंड त्याला रंगात दिसलं. हात लावायला गेला आणि मधेच थांबला.

"घरी नेऊन परत घासा," मी म्हणलं. "घासली की ओरखडे पडतील, आणि ओरखडे पडले की परत माझाच हात फिरंल."

त्यानं ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं. मोटार त्यानं परत कधी घासली न्हाई, आणि पुढच्या दसऱ्याला ती तशीच पूजेला लागली.