तीन पिशव्या आणि भवानीचा टाक

आमच्या घरातून एका सकाळी सत्तावीस वस्तू आणि एक कुलदेवता बाहेर पडली, आणि त्यांना दारापर्यंत पोचवायला मी स्वतः गेलो होतो.

मी तंजावरला कालव्यांच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. कावेरीचं पाणी कुठल्या दारातून कधी सोडायचं, हे पाहण्यात जन्म गेला. त्यामुळे काही तुंबलेलं दिसलं की माझा हात आपोआप दार उघडायला धावतो. खात्यात दार उघडायला साहेबाची सही लागायची. घरात कोणाचीच लागत नव्हती, आणि गडबड तिथेच झाली.

मुलाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. घराला नुकताच रंग दिला होता, पाहुणे यायचे होते आणि पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात मला मोबाइलवर एक बाई भेटली. तिच्या घरात एक खुर्ची, एक कुंडी आणि ती स्वतः, एवढंच सामान होतं. ती म्हणाली, अख्ख्या घराकडे पाहू नका, छाती दडपते. रोज एकच फळी घ्या, वीस मिनिटं लावा, आणि तीन पिशव्या भरा: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. वस्तू दहा सेकंदांपेक्षा जास्त हातात धरू नका, मन गुंततं.

मला हे फारच पटलं. माझी बायको सुमित्रा एवढंच म्हणाली, की ज्याची वस्तू त्याला विचारत जा. मी तिला समजावलं, की विचारत बसल्यामुळेच या घरात चार सांडश्या आहेत आणि चारही ढिल्या आहेत.

पहिल्या दिवशी मसाल्यांची फळी झाली. दुसऱ्या दिवशी औषधांचं कपाट. खरं सांगतो, काम छान झालं. सुमित्रानं कधी नव्हे ते माझं कौतुक केलं, आणि ते थेट डोक्यात गेलं. तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याची रिक्षा भोंगा वाजवत गल्लीत शिरली. आमच्याकडे पूर्वी जुनं लोखंड दिलं की खजूर मिळायचे. या माणसानं ती पद्धत अजून चालू ठेवली होती. माझं डोकं फिरलं. एक फळी, वीस मिनिटं वगैरे सगळं विसरून मी थेट पोटमाळ्यावर चढलो.

दहा सेकंदांचा नियम तेवढा मी काटेकोर पाळला! चाक नसलेली सायकल, तळ गेलेला कुकर, आजोबांच्या वेळची इस्त्री, सगळं खाली. कोपऱ्यात एक पोचे आलेलं तूक्कु होतं. तूक्कु म्हणजे वर कडी असलेला स्टीलचा झाकणाचा डबा. आमच्या भागात त्यातून सांबार शेजारी जातं. याची कडी तुटलेली, झाकण घट्ट बसलेलं. उघडायचा प्रयत्न केला. आठ, नऊ, दहा. टाकलं.

बदल्यात भंगारवाल्यानं पिशवीभर खजूर दिले. मी ओसरीवर बसून तिसरा खजूर तोंडात टाकत होतो, तेव्हा माझी थोरली बहीण बाहेर आली. अक्का यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असते आणि देवघर तिच्याकडे असतं. तिनं शांतपणे विचारलं, "रामू, माळ्यावरचं तूक्कु कुठे ठेवलंस?"

मी खजुराची बी हातात घेतली. (ती गिळली असती तर बरं झालं असतं, निदान सगळे मला घेऊन दवाखान्यात गेले असते.) कुठलं तूक्कु, असं विचारलं.

रंगाची धूळ उडते म्हणून अक्कानं भवानीचा चांदीचा टाक रेशमी कापडात गुंडाळून त्या डब्यात ठेवला होता. मुद्दाम तुटका डबा निवडला, कारण त्याला कोणी हात लावणार नाही असं तिला वाटलं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच टाकाची पूजा व्हायची होती. आमच्या पूर्वजांनी तो महाराष्ट्रातून कमरेला बांधून इतक्या दूर आणला, म्हणतात. वाटेत नद्या आल्या असतील, लढाया, रोगांच्या साथी. कितीतरी पिढ्यांनी जपलेली देवी मी दहा सेकंदांत मोकळी केली!

अक्का ओरडली असती तर परवडलं असतं. ती नुसती उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "आईनं मरताना माझ्या हातात दिला होता तो."

त्यानंतर मला खजूर कडू लागायला लागले.

कोपऱ्यावरच्या फुलवालीनं सांगितलं, की तो माणूस सेल्वम, ओरत्तनाडू गावचा. तिथल्या जुन्या छत्राच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, पुढे त्याचं भंगाराचं आवार आहे. मी मोपेड काढली, सुमित्रा मागे बसली. दोन्ही बाजूंना हिरवीगार भातशेतं, कालव्यात माझं लाडकं पाणी, आणि माझ्या पाठीवर बायकोची नजर. एका गावात बस आडवी आली तेव्हा ती म्हणाली, "हळू चालवा. आता मोपेड तेवढी शिल्लक ठेवा."

आवारात पोचलो तर आतून ठण ठण आवाज येत होता. सेल्वम हातोड्यानं स्टीलची भांडी चेपत बसला होता. मी धावत गेलो आणि समोरच्या ढिगात आमचं तूक्कु पाहिलं. आईच्या नावाची अक्षरं त्यावर कोरलेली होती, म्हणून ओळखलं. नाहीतर ओळखणं कठीण होतं, कारण ते डोशासारखं सपाट झालं होतं.

सुमित्रा तिथेच एका उलट्या घमेल्यावर बसली. सेल्वम घाबरला, पाणी घेऊन आला. मी नुसता सपाट डबा छातीशी धरून उभा होतो.

आवाज ऐकून त्याची बायको मुत्तुलक्ष्मी घरातून बाहेर आली. तिनं मला नव्हे, सुमित्राला विचारलं, आत काय होतं. सुमित्रा म्हणाली, देवी. कापड कुठल्या रंगाचं? हिरवं, काठ लाल. मुत्तुलक्ष्मीनं मान डोलावली आणि आम्हाला आत नेलं.

तिच्या देवघरातल्या फळीवर आमची भवानी बसली होती. कुंकू लावलेलं, मोगऱ्याचं फूल वाहिलेलं, पुढे दिवा. सुमित्राला रडू फुटलं. मलाही, पण मी डोळ्यांत धूर गेल्याचं सांगितलं.

"हातोडा पडायच्या आधी प्रत्येक झाकण मी उघडते, अय्या," मुत्तुलक्ष्मी म्हणाली. "लोक घाईनं टाकतात."

मग माझं लक्ष त्या आवाराकडे गेलं. तांबं एका बाजूला, ॲल्युमिनियम दुसऱ्या, कागद दोरीनं बांधलेले, बाटल्या रांगेत. भंगाराचं आवार आमच्या घरापेक्षा नीटनेटकं! मी तिला विचारलं, एवढ्याचं दडपण येत नाही का. ती म्हणाली, मी आजच्या ढिगाकडे बघते, उद्याच्याकडे पाठ करून बसते. आणि कोणाचं काय ते ठाऊक नसलं तर बाजूला ठेवते, माणूस परत येईपर्यंत थांबते. तिनं काही घेतलं नाही. सुमित्रानं पर्समधून लग्नाची पत्रिका काढून तिला दिली. पुढे ती दोघं नवराबायको लग्नाला आली, पहिल्या पंक्तीला बसली.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा अक्का अजून उंबऱ्याशीच होती. टाक हातात घेऊन तिनं कपाळाला लावला. वरचं ताजं कुंकू पाहिलं, आणि म्हणाली, "कोणीतरी पूजा करून पाठवलीय." मग इतका मोठा श्वास सोडला, की माझ्याही पाठीचा कणा सैल झाला. रात्री मला जेवायलाही वाढलं.

लग्न झाल्यावर आम्ही तिघांनी पोटमाळा पुन्हा काढला. रोज कॉफीनंतर थोडा वेळ, प्रत्येक झाकण उघडून, ज्याची वस्तू त्याला विचारून. अक्कानं स्वतःचं सामान दोन दिवसांत अर्धं केलं. सुमित्राच्या साड्या भाच्यांकडे गेल्या. माळा जवळजवळ मोकळा झाला. उरला फक्त एक कोपरा: खात्याच्या जुन्या डायऱ्या, पट्टा तुटलेली सहा घड्याळं, पाण्याची पातळी मोजायची मोडकी काठी आणि एक बॅटरी, जिच्यात घालायचे सेल आता बाजारात येत नाहीत.

अक्कानं बॅटरी उचलून माझ्यासमोर धरली. "ही कोणाची? टाकायची का?"

तिनं दहा सेकंद वाट पाहिली. मग वीस. मी बॅटरी तिच्या हातातून हळूच काढून घेतली आणि म्हटलं, "राहू दे गं. कधीतरी लागेल."