मामाच्या गाडीचा काटा

माझा मामा जमीन मोजणीच्या खात्यात ड्रायव्हर होता. नोकरीभर जी डिझेल गाडी त्याने दगडधोंड्यांतून हाकली, ती खात्याने मोडीत काढल्यावर त्याने घरी आणली आणि निवृत्तीनंतरचा सगळा वेळ तिच्या बॉनेटमध्ये डोकं घालून काढायला सुरुवात केली. चारही चाकांना जोर देणारी दणकट गाडी, पण अलीकडे तिला एक खोड लागली होती. सपाटीवर ती शहाण्यासारखी चालायची. चढ लागला की तापमानाचा काटा सरसर वर जायचा आणि बॉनेटमधून वाफ निघायची.

परक्या माणसाचा हात मामा गाडीला लागू देत नसे. मेकॅनिक ही जमातच गाड्यांच्या मुळावर उठलेली, असं त्याचं ठाम मत. त्याने स्वतः पंख्याचा पट्टा बदलला, रबरी नळ्या बदलल्या, रेडिएटर आतून धुतला, पाण्याचा पंप उलटासुलटा करून पाहिला. तरी चढावर वाफ ती वाफच. रस्त्याकडेच्या दगडावर बसून इंजिन गार व्हायची वाट बघण्यात मामीचा जन्म चालला होता. शेवटी तिने निक्षून सांगितलं, लेकीच्या घरापर्यंत गाडी एकदा वाफ न सोडता चढली तर ठेवा, नाहीतर विकून टाका. मामाने छाती फुगवून कबूल केलं. साक्षीदार म्हणून मला मागे बसवलं.

लेकीचं घर टेकडीच्या माथ्यावर, आणि ऊन नुसतं रणरणत होतं. चढ सुरू होताच मामाने गाडीतला हीटर पूर्ण सोडला. त्यामुळे इंजिनातली उष्णता आत ओढली जाते, हे त्याचं म्हणणं खरंही आहे. फक्त ती आमच्या पायांवर येत होती. मामीने चपला काढून पाय वर घेतले, तर हा म्हणे गुडघ्यांना शेक चांगला असतो. मी मागे घामाने निथळत होतो; हसावं की उतरून चालू लागावं, ते कळेना.

काटा सरकला की मामाला निमित्त सुचायचं. एकदा त्याला देखावा पाहायचा होता. एकदा ओळखीच्याचं घर दिसलं, आणि दारात आलेल्या माणसाने याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. प्रत्येक वेळी गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी, इंजिन हळू चालू, आणि मामा टेकडीचं कौतुक करतोय. मामी चकार शब्द बोलत नव्हती. जिंकत आलेली माणसं अशीच गप्प बसतात.

शेवटच्या वळणावर निमित्तं संपली. काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. मामाने गाडी कडेला घेतली. आता तो उन्हाला नावं ठेवेल, डिझेलला ठेवेल, रस्ता बांधणाऱ्याचा उद्धार करेल, म्हणून मी वाट बघत होतो. त्याने नुसता रुमाल काढून स्टिअरिंग पुसलं.

"विकू," तो म्हणाला. "उद्याच गिऱ्हाईक बघतो."

मामी त्याच्याकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "अहो, पुढच्या जाळीमागचा पुठ्ठा काढा."

थंडीत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून मोजणी खात्यातले ड्रायव्हर रेडिएटरपुढे पुठ्ठा सरकवत. मामानेही सवयीने सरकवला होता आणि साफ विसरला होता. बिघाड शोधायला तो नेहमी इंजिनात बघायचा. समोरून गाडीकडे तो फक्त प्रेमाने बघायचा. हाताला फडकं गुंडाळून त्याने पुठ्ठा ओढून काढला. तो धुळीने इतका काळा झाला होता की जाळीचाच भाग वाटावा. थोड्या वेळाने काटा खाली उतरू लागला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मामाने विचारलं.

"थंडी संपली तेव्हापासून. दिवे पुसताना दिसला."

"मग आज कशाला सांगितलंस? जिंकली होतीस की."

"तुम्ही वाद न घालता विकायला तयार झालात," मामी म्हणाली. "मला भीतीच वाटली."

मामा गाडीत बसला आणि उरलेला चढ संपेपर्यंत मामीशी कडाकडा भांडला. मामी खिडकीबाहेर बघत समाधानाने ऐकत होती.