खाऱ्या पाण्याच्या गावातला पाचवा उद्गार

"भर उन्हाळ्यात वऱ्हाडात जायचं म्हणजे डोकं फिरलंय का तुझं?" असं मुलानं विचारलं आणि मी त्याच दिवशी तिकीट काढलं. स्वभावच तसा, त्याला काय करणार! यजमान गेल्यापासून तीन वर्षं मी अहिल्यानगरला एकटी राहते. मुलगा आणि सून त्याच शहरात दुसऱ्या टोकाला आहेत. मला कुणाचं काही लागत नाही, हे मी दोघांना आठवड्यातून एकदा तरी ऐकवते. स्टेशनवर सोडायला येतो म्हणाला, तर नको म्हटलं. रिक्षानं गेले.

निमित्त उत्तम शुक्रवारचं (गुड फ्रायडेचं) होतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रभू येशूनं वधस्तंभावरून सात उद्गार काढले. त्या शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आमच्या मंडळ्यांमध्ये (चर्चच्या समुदायांमध्ये) सात जण उभे राहून एकेका उद्गारावर बोलतात. अमरावतीजवळ भातकुलीच्या पुढं एका खेड्यात माझे दीर राहतात, याकोबभाऊजी, यजमानांचे मावसभाऊ. तिथल्या पन्नासेक माणसांच्या मंडळीत पाचवा उद्गार, म्हणजे तहानेचा, वर्षानुवर्षं त्यांच्याकडे आहे. यजमान म्हणायचे, "एकदा तरी याकोबचा पाचवा उद्गार ऐक." ते असताना जाणं झालं नाही. यंदा तिथल्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) मलाच चौथ्या उद्गारासाठी बोलावलं, देवानं आपल्याला टाकलं असं प्रभूला वाटलं तो. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई मी, बोलायला बोलावलं की खूश. अकरा पानं लिहून काढली.

रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी अकोल्याला जाग आली. खिडकीबाहेर काळी जमीन उलेपर्यंत तापलेली, बांधावर पऱ्हाट्यांचे (कापूस वेचून झालेल्या वाळक्या झाडांचे) ढीग. अकोल्याला एक शेतकरीण बाई चढल्या आणि बसल्या बसल्या चौकशी सुरू केली.

"कोठी चालल्या, बाई?"

"भातकुलीच्या पुढं."

"खारपाणपट्ट्यात? मंग बाटली भरून घ्या. तिकडल्या हिरीचं पाणी म्हशी बी पेत नाई."

मला वाटलं, बाई उगाच घाबरवतायत. तर नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत, जमिनीखालचं पाणीच खारट आहे. वरची माती हरभरा आणि कापूस भरभरून देते, पण विहीर खणावी तर पाणी तोंडात धरवत नाही. त्या बाईंनी मूर्तिजापूर येईपर्यंत मला शेंगा खायला घातल्या आणि प्रत्येक शेंगेबरोबर पाण्याची एक तक्रार सांगितली.

बडनेऱ्याला उतरले तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. "वैनी, मी अमरावतीत दवाखान्यात हाय. तिकडंच या."

दोन वर्षांपासून भाऊजींच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. चार तास यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यायचं आणि अंगात साठलेलं पाणी काढून टाकायचं. हे मला फोनवरून माहीत होतं, पण फोनवर भाऊजी असे हसत बोलायचे की मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. आता डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर त्यांना पाहिलं. उंच माणूस, निम्मा उरलेला, पाय सुजलेले. पण शेजारच्या तीन पेशंटांना काहीतरी सांगून हसवत होते.

"या वैनी! अशा पाहून काय राहिल्या? हात ठेवा इथं." त्यांनी डावं मनगट पुढं केलं. डायलिसिससाठी तिथं शिरा जोडलेल्या असतात. कातडीखाली काहीतरी घुरघुरत होतं. "मोटार चालू हाय," ते म्हणाले.

मोटार, वॉल, टाकी, सगळी भाषा त्यांच्या कामातली. ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे आहेत ते. धरणाचं गोडं पाणी पाइपानं चार-पाच दिवसांनी गावात येतं आणि कुठल्या आळीला किती वेळ, ते भाऊजी वॉल फिरवून ठरवतात. दुखण्यातही काम सोडलेलं नाही.

पण त्या दिवशी केंद्राचीच मोटार बंद होती. डायलिसिसला लागणारं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं होतं. आतून एक सिस्टर आल्या आणि सगळ्यांना हात जोडून म्हणाल्या, "उद्या सकाळी या. नंबरानं घेऊ."

"उद्या माहा पाचवा उद्गार हाय, सिस्टर."

"दादा, नंबर जसा येईल तसा."

भाऊजींची बायको सुनंदा बाकाच्या टोकाला बसली होती. ती म्हणाली, "यंदा राहू द्या न बोलणं. पाय पाहा कसे झाले."

"मंग पाचवा कोण घेते?"

"वैनी घेतीन. त्या शिकल्या-सवरल्या."

मी तोंडानं "छे छे" म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी माझ्या मनात तहानेवरचं पहिलं वाक्य तयार झालं होतं, आणि चांगलं झालं होतं. भाऊजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी ते ओळखलं असावं.

"नाई," ते म्हणाले. "मी येतो. वेळेवर येतो."

गावाला आम्हाला वानखडे गुरुजींनी त्यांच्या गाडीतून नेलं. ते भाऊजींचे शेजारी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, बौद्ध. दर डायलिसिसला गाडीची सोय गावातले पाच-सहा जण आळीपाळीनं करतात आणि त्या आठवड्यात पाळी गुरुजींची होती. वाटेत त्यांनी हट्टानं थांबवून मला गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) खाऊ घातला. मी दोन खाल्ले. शेजारी भाऊजी खिडकीबाहेर बघत एक लवंग चघळत होते.

घरात शिरले तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. फळीवर अर्ध्या लिटरची एक बाटली दिसली. उचलली आणि घटाघटा संपवली. वळून पाहते तर सुनंदा दारात थिजून उभी. मग मला बाटलीवरच्या लाल रेघा दिसल्या. नखाला लावायच्या रंगानं ओढलेल्या, एकीखाली एक. सकाळ, दुपार, संध्याकाळ, असं ते दिवसभराचं माप होतं. डॉक्टरांनी भाऊजींना चोवीस तासांत तेवढंच पाणी सांगितलं होतं, चहा-वरणासकट.

मला कुठं तोंड लपवू असं झालं. भाऊजी मात्र खोकला येईपर्यंत हसले. "वैनी, माह्या वाटचं तुमी पेल्ल्या! आता रात्री पाय सुजले तं तुमचे सुजतीन." सुनंदानं बाटली पुन्हा भरली, पण दोन रेघा सोडून. डायलिसिस चुकलं होतं, त्यामुळे आज मापही कमी.

संध्याकाळी अंगणात जेवलो. चून (आपलं पिठलं), ज्वारीची भाकर आणि मिरचीचा भुरका. भाऊजींच्या ताटात बिनमिठाचं. जेवल्यावर त्यांनी पाणी तोंडात घेतलं, खळखळ फिरवलं आणि थुंकून टाकलं. माझ्यानं राहवलं नाही.

"भाऊजी, त्रास होत नाही?"

"होते न. खोटं काहून बोलू? दुपारी वॉल उघडतो तवा वाटते का तिथंच तोंड लावाव."

"मग काय करता?"

"त्याले सांगतो. त्याले ठाव हाय तहान काय असते."

एवढं सहज बोलून ते उठले आणि शेळीला चारा टाकायला गेले. मी माझी अकरा पानं पुन्हा वाचायला घेतली. दुःखाचा अर्थ मी त्यात सात मुद्द्यांत समजावला होता. वाचवेनात.

शुक्रवारी पहाटे भाऊजी, सुनंदा आणि गुरुजी अमरावतीला गेले. सकाळी साडेनऊला सुनंदाचा फोन आला. नंबर आत्ता लागला होता. मी बोटांवर हिशोब केला. चार तास, वर पाऊण तासाचा रस्ता. पाचवा उद्गार पावणेदोनच्या सुमाराला यायचा. जमणारं नव्हतं.

चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर, पांढऱ्या भिंती आणि साधा लाकडी क्रूस. सगळ्यांचा उपास. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पदरानं वारा घेत बसलेल्या. पाळक तरुण होते आणि घामाघूम झाले होते. तिसऱ्या उद्गारानंतरचं गीत चालू असताना ते माझ्या कानाशी आले.

"बाई, याकोबदादा अजून निघाले नाहीत. पाचवाही तुम्हीच घ्या."

कालचं ते तयार वाक्य अजून माझ्यापाशी होतं. मी म्हटलं, "नाही. त्यांचा आहे, ते घेतील. मी चौथा लांबवते."

जन्मभर लोकांनी मला आवरतं घ्या असं सांगितलं. लांबवायची ही पहिलीच वेळ. अकरा पानं पंचवीस मिनिटांत संपली. दाराशी उभ्या पाळकांनी हात फिरवून चालू ठेवायला सांगितलं. मग मला कागदाबाहेरचं बोलावं लागलं. यजमान गेले त्या रात्रीपासून मी देवाशी अबोला धरला होता, हे सांगितलं. चर्चला जात होते, गीतं म्हणत होते, पण त्याला काही मागत नव्हते. कुणालाच काही मागत नव्हते. हे मी माझ्या मुलालाही सांगितलेलं नाही. परक्या गावात, पत्र्याखाली, ते तोंडातून गेलं. आवाज कापला तेव्हा पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "बोल माय, बोल." मी बोलत राहिले. चौथ्या उद्गाराचं मग गीत झालं. ते संपलं, तर पाळकांनी पुन्हा पहिल्या कडव्यापासून धरलं. एकही माणूस उठला नाही. काय मंडळी होती ती!

सव्वादोन होऊन गेल्यावर गाडी वाजली.

एका बाजूनं गुरुजी, दुसऱ्या बाजूनं सुनंदा. भाऊजींच्या डाव्या हाताला पट्टी, चेहरा राखेचा. अंगातलं पाणी काढल्यावर माणूस पार पिळून निघतो. बाकांना धरत धरत ते पुढं गेले आणि उभे राहिले. गुरुजी मागच्या बाकावर बसले.

"मंडळी, उशीर झाला. माफ करा," भाऊजींनी सुरुवात केली. "प्रभुले तहान लागली. ते त्यानं मनात नाई ठेवलं, बोलून दाखवलं. कोणापाशी? ज्याईनं खिळे ठोकले त्याईच्यापाशी. म्या आयुष्यभर गावाले पाणी सोडलं. मले वाटे, आपण देणारा माणूस, आपण कोणाले काय मांगाचं? दुखणं आलं आन मांगनं शिकाव लागलं. गाडी मांगतली. रक्त मांगतलं. आंगोळीले बायकोचा हात मांगतला. लय लाज वाटे. मंग एक दिवस हा उद्गार वाचला. देवाचा पोरगा पाणी मांगते, तं मी कोण लागून गेलो?"

ते थांबले. श्वास घेतला.

"हे दुखणं देवानं धाडलं असं मी म्हणत नाई. ते कशानं आलं, डाक्टरले ठाव. पण या दुखण्यात मी त्याले जवळून पायलं. तुमाले बी पायलं. म्हणून मी आनंदी हाय. वरवरचा नाई, खरंच..."

पुढचा शब्द फुटेना. ओठ हलले, आवाज नाही. मला वाटलं, संपलं. सुनंदा अर्धी उठली. भाऊजींनी तिला हातानं थांबवलं आणि घोगऱ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाळकसाहेब, मले पाणी द्या. तहान लागली."

पाळक धावतच पेला घेऊन आले. सुनंदानं जागेवरूनच दोन बोटं आडवी धरून दाखवलं, एवढंच. सकाळपासून थेंब न प्यालेली पन्नास माणसं बघत होती आणि तो माणूस दोन बोटं पाणी सावकाश पीत होता. पेला ठेवून त्यांनी ओठ पुसले.

"मांगतलं, भेटलं," ते म्हणाले. "आमेन."

आणि खाली बसले. माझ्या चौथ्या उद्गाराला जवळजवळ तास लागला होता, त्यांच्या पाचव्याला सात मिनिटं. उत्तम शुक्रवारी टाळ्या वाजवत नाहीत, नाहीतर मी उभी राहून वाजवल्या असत्या. हा माझा दीर आहे, हे शेजारच्या बाईला मी दोनदा सांगितलं. तिला ते अर्थातच माहीत होतं.

संध्याकाळी गुरुजींनी बडनेऱ्याला सोडलं. वाटेत म्हणाले, "बाई, पयल्यांदा गाडी मांगाले आले होते नं याकोबदादा, तं पंधरा मिनटं दारात उभे. हवापाण्याचं बोलले आन तसेच चालले गेले. मीच त्याईच्या मागं धावलो, म्हटलं गाडी काढतो."

आगगाडीत बसले, पण मन त्या दारातच राहिलं. पंधरा मिनिटं उभं राहून न मागता परत जाणाऱ्या बाईला मी चांगली ओळखते. अकोला आलं तेव्हा मुलाला फोन लावला.

"उद्या पहाटे मला स्टेशनवर घ्यायला ये."

तो घाबरला. "काय झालं? पडलीस का कुठं?"

"काही झालं नाही. घरी एकटीनं जावंसं वाटत नाहीये."

"येतो," तो म्हणाला. मागून सुनेचा आवाज आला, "मी पण येते म्हणावं."

दोघं आले होते. मुलानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि या वेळी मी ती ओढून धरली नाही. गाडीत बसेपर्यंतही दम निघेना, फलाटावरच सगळं सांगितलं. केंद्र, सुजलेले पाय, दोन बोटं पाणी. सून डोळे पुसत होती.

"तुझे काका आहेत ते," मी मुलाला ताठ मानेनं म्हटलं. "आणि उद्या पुनरुत्थानाच्या सणाला मी तुमच्याकडे येणार आहे. मला जेवायला वाढाल ना?"