शिक्क्याखालचं गाव

वीज कचेरीत आवक-टेबलावर तीस वर्षं बसलेल्या त्या कारकुनाला सगळे रॉकेटराव म्हणत. आलेली पाकिटं फोडायची, नोंदवायची आणि पोस्टाच्या तिकिटावर उपग्रह, यान किंवा अंतराळवीर दिसला की तेवढा कोपरा कात्रीने उतरवून खिशात टाकायचा. घरी तो बशीतल्या पाण्यात सोडायचा. डिंक सुटला की तिकीट आपणहून कागद सोडतं. मग टिपकागद, वर जाड पुस्तक, शेवटी वही. कोरं तिकीट त्यांना चालत नसे. कुठेच न गेलेलं घेऊन काय करू, म्हणत. मात्र शिक्का हलका हवा, चित्राच्या अंगावर न आलेला.

धाकटी बहीण एकटी राहायची. तिच्या पत्रांवर नेहमी आकाशातलंच काही असे. शेवटच्या पाकिटावर एकाच चित्राची दोन तिकिटं होती: दोरीच्या टोकाला लोंबकळणारा अंतराळवीर. आधी त्यांनी कोपरा कापून बशीत सोडला, मग पत्र उघडलं. आत चार ओळी. खोली बदललीय, गावही. नवा पत्ता पाकिटामागे लिहिलाय. डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणतात. दादा, एकदा येऊन जा.

तिकीट वाळून वहीत गेल्याशिवाय ते उत्तर लिहीत नसत. चौथ्या दिवशी लिहायला बसले, तोवर बायकोने पाकिटासकट रद्दी देऊन टाकली होती. तिने नणंदेची चौकशी केली तेव्हा, बरी आहे, एवढंच ते बोलले. चूक सांगायची लाज वाटली. दुसरं पत्र येईल, त्यावर पत्ता असेल, या भरवशावर तीन महिने गेले. पत्र आलं नाही.

मग एका दुपारी कुठलंसं पाकीट कापताना कात्री थांबली. गाव शिक्क्यात असतं. पण वहीतल्या तिकिटावर नुसता एक काळा कंस होता. जाड शिक्क्याचं जोडीचं तिकीट त्यांनी घड्याळवाल्या मित्राला देऊन टाकलं होतं.

घड्याळवाल्याने ते डब्यातून शोधून डोळ्याला भिंग लावलं. "याचं तोंड काळं झालंय, तूच ठेव, म्हणाला होतात," त्याने टोमणा मारला. मग गावाचं नाव वाचलं, अक्षर न् अक्षर.

दुसऱ्या दिवशी ते त्या गावच्या पोस्टाच्या खिडकीशी उभे होते. बहिणीचं नाव सांगताच तिकिटं विकणाऱ्या बाईंनी मान वर केली.

"तुम्ही दादा का?"

त्यांनी मान डोलावली. बाईंनी हातातली तिकिटं खाली ठेवली. मग सांगितलं, मागच्या महिन्यात गेल्या त्या, ऑपरेशननंतर. तुमचा पत्ता त्या तोंडपाठ लिहायच्या, लिहून ठेवलेला कुणाला सापडला नाही. रोज यायच्या, दादाचं पत्र आलं का विचारायच्या.

"मी म्हणायचे, तुम्हीच पुन्हा एक टाका ना. तर हसायच्या. तो तिकीट वाळवत असेल, म्हणायच्या."

बाईंनी खणातून एक तिकीट काढून पुढे सरकवलं. काळ्या आकाशात एक यान. बहिणीसाठीच बाजूला ठेवलं होतं.

"दादाला कोरं चालत नाही, म्हणायच्या. शिक्का मारून देऊ?"

"नको," ते म्हणाले. "राहू दे."

रस्त्यावर येईपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही. उघडली तेव्हा तिकीट घामाने तळहाताला चिकटलेलं होतं. सोडवायला पाणी लागलं असतं.