पंचनाम्यातली टोपली

आम्ही गाव सोडलं तेव्हा पोचवायला कुणीही आलं नाही. एस.टी. सकाळी नऊला फाट्यावर यायची. दोन पेट्या, एक वळकटी, कंदील आणि आईच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेला आरसा, एवढाच आमचा संसार. सहा वर्षं ज्या गावात राहिलो, जिथल्या घराघरातल्या पोरांना माझ्या बापाने अक्षरओळख करून दिली, त्या गावातलं एक माणूस फाट्यावर नव्हतं. मी तेरा वर्षांची होते आणि मला भयंकर राग आला होता. बाबा म्हणाले, "नाई आले तेच बरं हाय. आले असते त कोनी नावं लिवून घेतली असती."

हे लिहिते आहे ते तिकडे राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारख्या पांगलेल्यांसाठीही. पुण्यात मी हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून नोकरी केली, इथेच फ्लॅट घेतला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडायलाही शिकले. पण गडचिरोलीचं नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, "मग तुमचे वडील कुणाच्या बाजूचे होते?" जणू तिथल्या माणसाला दोनच बाजू असतात, रस्त्याला असतात तशा. पूर्वी मी विषय बदलायचे. आता उत्तर देते, आणि ऐकणाऱ्याला चहा गार होईस्तोवर बसवते.

माझे वडील ब्रह्मपुरीकडचे. बौद्ध घरातले पहिले मास्तर. जिल्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता, तेव्हा एटापल्लीच्या पलीकडे जंगलातल्या एका गावात त्यांची नेमणूक झाली. माणूस शूर होता असं मी अजिबात म्हणणार नाही. सापाला घाबरत, कुत्र्याला घाबरत, नाला एकट्याने ओलांडत नसत. आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. रोज सकाळी पंचशील म्हणताना मात्र त्यांचा आवाज खणखणीत यायचा, आणि खोटं न बोलण्याच्या शीलापाशी ते माझ्याकडे जरा जास्तच बघायचे.

मोहफुलांचे दिवस होते. तिथे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. फुलं पहाटे गळतात, म्हणून लोक आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करतात. काळ्या भुईवर पिवळी फुलं चटकन दिसतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या पोलीस पार्टीला ते ठाऊक नव्हतं. एका पहाटे त्यांना झाडीत धूर दिसला. सोबतच्या फॉरेस्ट गार्डाला त्यांनी विचारलं, धूर कुठून येतो? त्याने बोट दाखवलं. तो बिचारा पुढे काही सांगेपर्यंत पार्टी निघाली होती. धुरापाशी आमच्या शेजारचा दसरू फुलं वेचत होता. पार्टीने गोळ्या झाडल्या आणि तो तिथेच मेला.

त्या भागात पंचनाम्याला पंच मिळवणं म्हणजे दिव्यच. लिहिता-वाचता येणारा मोठा माणूस गावात एकच, तो म्हणजे माझा बाप. त्यांना जंगलात नेऊन जागा दाखवली आणि मग शाळेच्या ओसरीवर आणून बसवलं. कागद लिहून तयार होता. आम्ही शाळेला लागून असलेल्या खोलीत राहायचो, मी खिडकीशी उभी होते. पोलीस पार्टीचे साहेब वाचत होते: इसमाने पोलिसांच्या दिशेने गोळीबार केला, प्रत्युत्तरात ठार, जवळ एक भरमार, म्हणजे ठासणीची, बंदूक. बाबांनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"साहेब, टोपली लिवली नाई."

साहेबांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, मास्तर, टोपलीचं काय घेऊन बसलात. ते तरुण होते, डोळे तांबारलेले, आठवडाभर झोपले नसावेत. त्यांचा एक सोबती महिन्यापूर्वीच सुरुंगाच्या स्फोटात गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. मी त्यांना राक्षस म्हणणार नाही. पण कागद त्यांनी लिहिला होता.

बाबा हळूच म्हणाले, "बंदूक तिथी पडून होती, ते मी पाह्यलं, ते लिवतो. ती त्याच्या हातात होती, हे मी पाह्यलं नाई. टोपली पाह्यली. अर्धी भरली होती, फुलं ताजी होती. तेवढं लिवा, मंग सही करतो."

उन्हं चढेपर्यंत त्यांना तिथेच बसवून ठेवलं. आधी दरडावलं, मग नोकरीची आठवण करून दिली, मग पोरीची, म्हणजे माझी. आई दारातून म्हणाली, "काऊन जिवावर उदार होता? करून टाका न सही." खरं सांगते, माझंही तेच म्हणणं होतं. बाबांनी पाणी मागितलं, प्याले आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाले. शेवटी साहेब कंटाळले. प्रेत घेऊन गाडी खोळंबली होती आणि दुसरा पंच अंगठेबहाद्दर. कागद बाबांकडे सरकवला गेला. बाबांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात सहीच्या वर लिहिलं की बंदूक इसमाच्या हातात मी पाहिली नाही. इसमाजवळ एक टोपली, ताज्या मोहफुलांनी अर्धी भरलेली, पाहिली.

प्रकरण इथे संपलं असतं तर बरं. पंधरा दिवसांनी भर दुपारी दादालोक शाळेत आले. तिकडे जंगलातल्या बंदूकवाल्यांना दादालोकच म्हणतात. चौघे होते. पोरांना सुट्टी दिली, बाबांना मान दिला, गुरुजी तुम्ही हिंमत केली म्हणाले. मग विचारलं, धुराकडे बोट कोणी दाखवलं? गावात मीटिंग घेऊ, तुम्ही नाव सांगा.

बाबांना नाव माहीत होतं. मला वाटलं होतं, माहीत नाही म्हणतील आणि सुटतील. पण तेही त्यांना जमलं नाही. मला अजून त्याचा राग येतो आणि अजून अभिमान वाटतो.

"मले मालूम हाय," ते म्हणाले, "पन सांगनार नाई. सांगितलं त तुमी त्याले माराल, न मंग त्याच्या पंचनाम्यालेबी मलेच बसा लागन."

चौघेही उठले. विचार करून ठेवा, परत येतो, एवढंच म्हणून गेले. त्यानंतर आमच्या घराकडे येणारी पावलं थांबली. ऑफिसात बोलवा झाली की मास्तर जंगलवाल्यांचा. जंगलात झाली की मास्तर पोलिसांचा. इकडे आड, तिकडे विहीर. महिना उलटायच्या आत वरोऱ्याकडच्या गावी बदलीचा हुकूम आला.

वरोऱ्याला आम्हाला वीज मिळाली, नळ मिळाला, मला हायस्कूल मिळालं आणि पुढे नर्सिंगला पुणं. दसरूच्या मरणाची चौकशी लागली तेव्हा बाबा एस.टी.ने गडचिरोलीला गेले आणि टोपलीचं तेच वाक्य चौकशीच्या साहेबांसमोर बोलून आले. शिक्षा कुणालाच झाली नाही. पण दसरूच्या नावापुढचा 'नक्षलवादी' हा शब्द निघाला. बाबांनी त्याबद्दल कधी फुशारकी मारली नाही. ते काम मी करते, घाऊक भावात.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी मी त्या गावी गेले. आता डांबरी रस्ता आहे, मोबाइलला रेंज येते. कुणी ओळखेल असं वाटलं नव्हतं. दसरूची बायको चैती म्हातारी झाली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, गुरुजीची पोरगी, म्हणाली, आणि हाताला धरून गावाबाहेर घेऊन गेली. तिथे मेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात, ज्याच्या त्याच्या कुळाच्या जागी. परक्याचा दगड तिथे बसत नाही. दसरूच्या दगडाशेजारी एक ठेंगणा दगड होता.

"हा गुरुजीचा," चैती म्हणाली.

मी गडबडले. म्हटलं, बाई, बाबा तुमच्या कुळाचे नव्हते, जातीचे नव्हते, धर्माचेही नव्हते. तिला माझं बोलणं जरा खुळचट वाटलं असावं.

"आमच्या मानसाचं खरं लिवलं त्यानं," ती म्हणाली. "मंग परका कसा होईन?"

गुरुजी गेल्याची बातमी कळल्यावर गावाने बसून ठरवलं होतं. दगड चौघांनी डोंगरावरून खांद्यावर आणला होता. मी तिथे बसून पोटभर रडले, आणि चैती शेजारी बसून राहिली. आमचं घर वरोऱ्याला आहे, माझं पुण्याला. पण गाव कुठलं असं कुणी विचारलं, तर जिथे माझ्या भित्र्या बापाला माणसांनी आपल्यात उभं केलं आहे, त्या गावाचं नाव मी सांगते.