वाटी तिनंच उचलायची

"पडला तो पडला. हात काढा."

हे ती म्हणायची तेव्हा माझा हात वाटीवर असायचा. आमटीची स्टीलची वाटी, आत फासा. हलवायची आणि टेबलावर पालथी घालायची. उचलायची मात्र तिनंच. मी उचलताना वाटीची कड लावून फासा फिरवतो, हे तिनं लवकरच पकडलं होतं.

त्या संध्याकाळी खेळायची पाळी तिची होती. तिनं वाटी पालथी घातली आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली. उठता उठता म्हणाली, "आता जेवा. सकाळी बघू काय पडलाय. आज दमल्यासारखं झालंय. आनि वाटीला हात लावलात तर बघा."

टेबल आमच्या फाशावरच्या क्रिकेट सामन्यानं अडवलेलं, म्हणून ताटं मांडीवर घेतली. बांगड्याचं कालवण होतं. मीठ जास्त झालंय म्हणालो.

"मिठागरावरच्या मानसाला मीठ लागतंय काय?"

आमचं शेवटचं बोलणं हेच.

नाव सांगत नाही. बायकोचं नाव आयुष्यभर घेतलं नाही, आता काय घ्यायचं. तो सामना अजून टेबलावरच आहे. मुलगा पुण्याहून येतो आणि म्हणतो, बाबा, आवरा हे. मी आवरत नाही. मला हट्टी म्हणा, चालेल, पण आधी ऐका.

तरुणपणी मी गावच्या टीममध्ये खेळायचो. पावसाळा संपून मिठागरं सुकली की तिथंच टेनिस बॉल. पुढं जमीन गेली, मैदान रस्त्याखाली गेलं, पोरं पांगली. आम्ही कामोठ्याला चौथ्या मजल्यावर आलो. गुडघा गेला. एकदा नातवंडं लुडोचा फासा विसरून गेली, तो घेऊन मी एकटाच धावा मोजत बसलो. ती भाजी निवडत होती.

"लिवल्याशिवाय सामना कसला?" म्हणाली आणि वही घेऊन बसली ती बसलीच.

मी दुसरी शिकलो, ती सातवी. भागाकार सगळे तिचे. जुन्या लग्नपत्रिका कापून तिनं कार्डं केली, एका कार्डाला एक माणूस. एका बाजूला आमचं गाव, दुसऱ्या बाजूला उरणकडचं तिचं माहेर. सगळी माणसं खरी, आमच्या ओळखीतली. फाशावर पडेल तेवढ्या धावा; चांगला बॅट्समन असला तर फक्त पाच पडल्यावर आऊट, कच्चा असला तर आणखी एखाद्या आकड्यावरही. वर्ष संपलं की ती प्रत्येकाचं ॲव्हरेज काढणार आणि कार्ड बदलणार. कुणाची दयामाया नाही.

आमचा विकेटकीपर आता बेलपाड्याला असतो, मोठा बिल्डर झाला. आपलं ॲव्हरेज घसरलंय हे कळल्यावर तो पिशवीभर कोलंबी घेऊन घरी आला.

"वहिनी, जरा वाढवा की. माणसात तोंड दाखवायला जागा नाय राहिली."

"कोलंबी ठेवा. ॲव्हरेज हाय तेच राहील."

तो जेवून गेला. कार्ड होतं तसंच राहिलं.

मग तिचा भाऊ वारला. माहेरच्या टीमचा तो फास्ट बॉलर. दिवस झाले, आम्ही परत टेबलावर बसलो आणि मी बोललो, "मेलेला माणूस बोलिंग कसा टाकणार? काढ त्याचं कार्ड." माझं तोंड असंच आहे. तिनं वही मिटली. मग बरेच दिवस चहाचा कप टेबलावर आपटूनच यायचा.

शेवटी तीच बोलली. "नियम करू. मेला तरी चालू सामना संपेपरत तो खेलनार. संपला की डब्यात."

तेव्हापासून तो घरचा कायदा झाला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा ठेवला. भावाचा तो सामना ती रोज एकच षटक खेळू द्यायची. मग म्हणायची, पुरे आज, डोळे दुखतात. मीही पुरे म्हणायचो.

माणसं जात राहिली, डबा भरत गेला. यंदा आमच्या गावची अकरा कार्डं जमेनात. मी म्हणालो, तू ये.

"लिवनारा खेलत नाय."

"मग बंद करू."

तेव्हा कुठं मुलाच्या लग्नपत्रिकेचं कार्ड कापलं. हळदीचा डाग होता त्यावर. नाव लिहिलं नाही, नुसतं 'अकरावा' लिहिलं. आणि दोन, तीन, पाच, तिन्हीवर आऊट!

"अगं, अर्धी आऊटच केलीस की स्वतःला."

"मला कुठं खेलता येतंय? खोटं ॲव्हरेज लावू काय?"

त्या संध्याकाळी आमच्या नऊ विकेट गेल्या होत्या. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती. जिंकायला चार धावा. षटकातला दुसरा चेंडू, खेळायचं तिला. ती वाटी हलवत होती तेव्हा मी विचारलं, घाबरलीस काय?

"तुमी आऊट नका होऊ म्हंजे झालं."

सकाळी स्वयंपाकघरात दिवा दिसला नाही. ती रोज माझ्या आधी उठणार. पायाला हात लावला, पाय थंड. ऊठ म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

शेजाऱ्याला उठवायला हवं होतं, मुलाला फोन करायला हवा होता. पण एकदा दार उघडलं की घर भरणार, आणि कोणीतरी बाई ती वाटी उचलून मोरीत टाकणार. फासा कुठंतरी सांडणार. तिचा चेंडू पडलेला होता, तो कोणी बघितलाच नसता.

म्हणून आधी टेबलाशी बसलो. वाटी मी उचलली. कड लावली नाही, सरळ वर उचलली. बघायला कोणी नव्हतं, तरी सरळच उचलली.

एक पडला होता.

वहीत तिच्या अक्षराच्या पुढं माझ्या वाकड्या हातानं एक लिहिला. एक धाव म्हणजे टोकं बदलली. ती पलीकडं गेली, नाबाद. तीन धावा बाकी आणि खेळायचं आता मला.

फासा वहीवर ठेवला, त्यावर वाटी पालथी घातली. मग जाऊन शेजारची बेल वाजवली.