गुरुवार, साडेसात

वॉल्टर गेल्याचं मला त्याच्या मुलीच्या ईमेलवरून कळलं. ‘बाबांनी कळवायच्या माणसांची यादी टाईप करून ठेवली होती. तुमचं नाव तिसरं आहे.’ इथे आखातात, रास अल खोरच्या आमच्या गोदामात मी कागदपत्रं बघायचो आणि तो क्रेन दुरुस्ती शिकवायचा. सहा वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. अमेरिकन माणूस म्हणजे गोड बोलतो पण घरी बोलावत नाही, एवढंच तोवर मला कळलं होतं.

आम्ही इंटरनॅशनल सिटीत घर बदललं तेव्हा सात मराठी मित्र ‘येतो रे’ म्हणाले होते. आला वॉल्टर, स्वतःचे हातमोजे घेऊन, सांगितलेल्या वेळेला. दुपारी मेधानं त्याला जेवायचा आग्रह केला, एकदा, दोनदा, तीनदा. तो गोंधळून म्हणाला, “मी पहिल्यांदा नाही म्हणालो, ते खरंच होतं.” तो गेल्यावर ती म्हणाली, “अहो, कसला माणूस हा. नाही म्हणजे नाहीच.” आम्ही खूप हसलो.

यंदा मार्चमध्ये त्याचे उपचार सुरू व्हायचे होते, दर गुरुवारी. त्यानं विचारलं, “पहिल्या दिवशी सोबत येशील? साडेसातला. मला थोडी भीती वाटते आहे.” मी म्हणालो, “शुअर, इन्शाल्ला.” पुन्हा त्यानं विषय काढला नाही. आमच्यात एकदाच विचारलेलं कोणी मनावर घेत नाही, गरज असली की माणूस परत फोन करतो... हे मी स्वतःला सांगत आलो. खरं असं, की मी विसरलो नव्हतो. सकाळी सहाला आठवलं होतं. हॉस्पिटलात त्याच्याशेजारी बसणं मला नको होतं, म्हणून मी त्याच्या फोनची वाट बघत चहा प्यालो. तो बॅग घेऊन त्याच्या इमारतीखाली सव्वा तास उभा होता, हे मला नंतर कळलं.

सोमवारी मी ट्रॅफिकचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. “नितीन, पुढच्या वेळी नाही म्हण,” तो म्हणाला. “नाही मला समजतं.” आवाजात राग नव्हता. पुढची वेळ त्यानं येऊ दिली नाही.

मुलगी घर आवरायला आली, तिनं शनिवारी दहाला बोलावलं. मी पावणेदहाला दारात होतो. “त्यांची एखादी वस्तू हवी तर घ्या,” ती म्हणाली. मी फ्रिजवरचं कॅलेंडर मागितलं. तिला नवल वाटलं असावं, पण तिनं विचारलं नाही.

आता ते आमच्या फ्रिजवर आहे. मेधा म्हणते, “अहो, मार्च कधीच संपला, पान उलटा की.” मी उलटत नाही. पहिल्या गुरुवारच्या चौकोनात त्याच्या सरळ, सुट्या अक्षरांत माझं नाव आहे आणि वेळ. खोडलेलं नाही. त्याखालच्या तिन्ही गुरुवारी त्याच अक्षरांत लिहिलंय... टॅक्सी.